लाकडाच्या लेथसाठी व्हॅक्यूम चक: पंप कोणता घ्यावा?

भुसकट

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे वाचनमात्र होतो, आता अडलोय म्हणून लिहितो.

पुण्यात राहतो. बंगल्याच्या मागच्या गॅरेजमध्ये १४ इंची लेथ आहे, म्हणजे ३५० मिमी व्यासाचा जॉब फिरतो. मुख्यतः वाडगे करतो. लाकूड मिळेल ते: आंबा, शिरीष, रेन ट्री, कधीमधी कुणाच्या जुन्या घराचा सागवानी वासा.

अडचण सगळ्यांना ठाऊक असलेलीच. आतून-बाहेरून सगळा वाडगा झाला की चकमध्ये धरायला ठेवलेलं कुसू बुडाला उरतं. ते काढायला वाडगा उलटा धरायचा, आणि धरायला तर काहीच शिल्लक नसतं. आजवर जाम चकवर, म्हणजे वाडगा घट्ट बसेल अशा कातलेल्या लाकडी ठोकळ्यावर, भागवलं. दर वाडग्याला नवा जाम चक कातायचा कंटाळा आला, म्हणून व्हॅक्यूम चकवर, म्हणजे आतली हवा उपसून वाडगा लेथला धरून ठेवणाऱ्या पोकळ ड्रमवर, जायचं ठरवलं.

जुन्या बाजारातून एसीवाल्यांचा व्हॅक्यूम पंप आणला, दोन स्टेजचा, २ सीएफएम (मिनिटाला घनफूट). ११० मिमीच्या पीव्हीसी कपलरचा ड्रम केला, त्याच्या काठावर फोम चिकटवला. काचेवर गेज छान चढला. मग आंब्याचा वाडगा लावला तर पाऱ्याच्या २५० मिमीच्या पुढे गेजचा काटा जाईना. तरी पटाशी टेकवली. वाडगा सुटला तो थेट फेस शील्डवर. शील्ड होतं म्हणून हा धागा काढतोय. वर गॅरेजभर तेलाचा धूर.

आता प्रश्न असा की याहून चांगला, जास्त खोल व्हॅक्यूम देणारा पंप घेऊ, की कॉम्प्रेसरवर चालणारा व्हेंच्युरी (दाबाच्या हवेच्या झोतानं शोषणारा तुकडा) घेऊ? कॉम्प्रेसर आहे, २ एचपी. आणि हो, काचेवरसुद्धा गेज ६९० मिमीच दाखवतो. ७६० हवं ना? पंप फसवून विकला का?

पाचर

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. पंप फसवा नाही, पुणं उंचावर आहे. ७६० मिमी समुद्रसपाटीला. तुम्ही साधारण ५६० मीटरवर, तिथं हवेचा दाबच ७१० मिमीच्या आसपास. ६९० दाखवतोय म्हणजे पंप ठणठणीत. महाबळेश्वरला लेथ नेलात तर ६४५ च्या वर कुठलाच पंप जाणार नाही, त्याचा बाप आला तरी.

आता मुख्य मुद्दा. व्हॅक्यूम वाडग्याला ओढत नाही, बाहेरची हवा त्याला ड्रमवर दाबते. दाब गुणिले क्षेत्रफळ, बास. ५०० मिमी म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ०.६८ किलो. तुमच्या ११० मिमीच्या ड्रमचं क्षेत्रफळ ९५ चौ. सेंमी, म्हणजे ६५ किलोचा दाब. तोच व्हॅक्यूम १६० च्या ड्रमवर १३७ किलो आणि २०० च्या ड्रमवर दोन क्विंटलच्या वर. तुमच्या २५० मिमीला ११० च्या ड्रमवर जेमतेम ३२ किलो होता. उगाच नाही सुटला.

म्हणजे नवीन पंपाआधी १६० चा ड्रम करा. पाच मिनिटांत जोर दुप्पट, पैसे शून्य.

भुसकट

दादा, हे हिशेबात घेतलंच नव्हतं. पण गळती आहे त्याचं काय? काचेवर ६९० आणि वाडग्यावर २५०. फोम खराब?

शिसवी

मधे तोंड घालते. नाशिकला असते, वाडगे आणि ताटल्या विकते, महिन्याला चाळीसेक होतात. माझ्याकडे व्हॅक्यूम आहे आणि मला तो लागतो. भुसकट, तुमचे वर्षाला किती होतात? दहा-पंधरा असतील तर कोल जॉज घ्या, चकवर बसणारे, रबरी बटणांनी वाडग्याचा काठ धरणारे, आणि सुखानं राहा. व्हॅक्यूम हा एक वेगळाच छंद आहे. सहा महिने लाकूड कमी आणि नळ्या जास्त कातल्या मी.

हे झालं सांगून. आता उत्तर. गळती शोधायची तर क्रमानं. आधी ड्रमवर ॲक्रिलिकचा तुकडा ठेवा (काच नको, बाई गं!). तिथं पूर्ण चढला म्हणजे पंप, नळी, फिरता सांधा, सगळं बरं. मग वाडगा लावा, आणि बाहेरून स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची चिकटी फिल्म गुंडाळा, अख्ख्या वाडग्याला. लेथ बंद ठेवून, अर्थात. काटा टुणकन वर गेला तर गळती लाकडातून आहे. नाही गेला तर फोम नीट बसत नाहीये.

भुसकट

ताई, वर्षाला साठ-सत्तर होतात. ऑफिसातल्या लोकांना दिवाळीला द्यायची वाईट सवय लागलीय.

आत्ता फिल्म गुंडाळून बघून आलो. २५० वरून ६२०! म्हणजे लाकूडच.

शिसवी

मग झालं निदान. आंबा आणि रेन ट्री म्हणजे चाळणी. विशेषतः वाडग्यात दोन जागी लाकडाच्या नळ्यांची उघडी तोंडं येतात ना, तिथून हवा आरपार येते. तुम्ही भिंत जितकी पातळ केलीत तितकी वाट आखूड. शिसव लावून बघा, निम्मीही गळती होणार नाही.

ओहायोतला_आंबा

इकडे अमेरिकेत बहुतेक लोक गॅस्ट कंपनीचे तेलविरहित पंप वापरतात, ०५२३ किंवा १०२३, कार्बनच्या पात्यांचे. नवे महाग, पण जुन्या यंत्रांतून काढलेले ऑनलाइन मिळतात. माझा दहा वर्षं चालतोय. तेल नाही, धूर नाही, तोंड उघडं राहिलं तरी तक्रार नाही. भारतात मागवलंत तर वजनामुळे भाडं आणि कस्टम मिळून नको होईल, तेव्हा तसलाच प्रकार तिथे शोधा.

खोल व्हॅक्यूमच्या मागे लागू नका, हे मात्र ठामपणे सांगतो. एसीच्या पंपावर ५० मायक्रॉन, १५ मायक्रॉन असं मिरवलेलं असतं. १ मायक्रॉन म्हणजे पाऱ्याचा एक हजारांश मिमी. म्हणजे या दोन पंपांत फरक ०.०३५ मिमीचा. आपला गेज २० मिमीच्या घरात वाचायचा! एसीच्या नळीतलं पाणी उकळून काढायला तो फरक लागतो, वाडगा धरायला नाही.

पाचर

आंबेराव बरोबर बोलले. त्यात भर घालतो, कारण इथंच सगळे फसतात.

पंपावर २ सीएफएम लिहिलंय, म्हणजे मिनिटाला ५७ लिटर. पण ते मोकळ्या तोंडाला. पंपाची पाती दर फेऱ्याला ठरावीक जागा रिकामी करतात, त्या जागेत हवा दाट असेल की विरळ, पंपाला काय त्याचं. समुद्रसपाटीचा हिशेब धरला तर ५०० मिमीवर आत उरलेली हवा एक तृतीयांश दाट. म्हणजे तुमचा पंप तिथं बाहेरच्या हिशेबानं १९-२० लिटरच हवा उपसतो. लाकडातून त्याहून जास्त आत येत असेल तर काटा खाली सरकणार, आणि जिथं येणं-जाणं सारखं होईल तिथं थांबणार. तुमच्याकडं ते २५० ला जुळलं.

तेव्हा पंप निवडताना दोनच प्रश्न: मिनिटाला लिटर किती, आणि तासभर सलग चालेल का. एसीचा पंप बंद नळीसाठी बनवलेला आहे, पहिल्या दोन मिनिटांत हवा काढायची आणि मग शांत बसायचं. त्यातून सतत हवा वाहिली की तो तेल फेकतो. तो धूर म्हणजे तेलाचा फवारा आहे, फुप्फुसात जातो. आणि फिनिश द्यायच्या लाकडावर तेल बसलं तर डाग वेगळे.

आता माझं गुपित. इचलकरंजीजवळ आमचं छोटं मशीन शॉप आहे, आणि आमच्याकडं गल्लोगल्ली म्हशी. मी दूध काढायच्या यंत्राचा पंप वापरतो. हसू नका. गोठ्यातला गेज ३०० ते ३७५ मिमीच्या दरम्यान ठेवतात, त्याहून जास्त झालं तर सडांना त्रास. आणि आपल्यालाही तेवढंच लागतं! १६० च्या ड्रमवर ३०० मिमीला ८२ किलो मिळतात. तासन् तास चालायला बनवलेला, मिनिटाला २०० लिटर उपसणारा, दुरुस्तीला तालुक्याला माणूस. तेल थेंबथेंब खातो, त्याचा धूर बाहेर सोडायला दोन इंची पाइप भिंतीतून काढलाय.

भुसकट

पाचरदादा, नादच खुळा! पण गॅरेजच्या बरोबर वर सासूबाईंची खोली आहे. दूधयंत्राचा आवाज किती?

पाचर

वरच्या खोलीत म्हैस बांधल्यासारखा. राहू दे मग.

नवा_खरादी

घरचा व्हॅक्यूम क्लीनर चालेल का? बारा वर्षं जुना आहे.

ओहायोतला_आंबा

चालतो, मोठ्या ड्रमवर. तो खोल ओढत नाही, साधारण १५० मिमी धरा. २५० च्या ड्रमवर तरी जवळपास शंभर किलो होतात. प्रश्न असा की त्यातून जाणारी हवाच बहुतेक क्लीनरमध्ये मोटार गार करते. तोंड बंद झालं की मोटारचा आवाज चढतो तो आनंदानं नव्हे. नळीला एक छोटं भोक ठेवून, दोन-तीन मिनिटांच्या कामापुरता वापरा.

आणि कुणी फ्रिजचा कॉम्प्रेसर सुचवायच्या आत: नको. तोही परत येणाऱ्या गॅसवर गार होतो, आणि उपसा नगण्य.

भुसकट

व्हेंच्युरीबद्दल कुणीच बोललं नाही.

शिसवी

मी सुरुवात त्यानंच केली. मुठीत मावेल एवढा तुकडा, हलणारा भाग एकही नाही, बंद तोंडाला व्हॅक्यूम उत्तम. पण उपसा तोकडा, आणि त्या बदल्यात हवा इतकी पितो की माझा २ एचपीचा कॉम्प्रेसर दम लागलेल्या माणसासारखा थांबायचंच विसरला. शिसवाच्या छोट्या वाट्या करणाऱ्यानं जरूर घ्यावा. आंब्याच्या चाळणीला नाही.

लाखकाम

सावंतवाडीकडचा आहे. धागा वाचून गंमत वाटली. माका विचारशात तर तुम्ही सगळे पंप वाढवताय, भोकं बुजवायचं कुणी बोलतच नाही.

आमच्याकडे चितारी लोक खेळणी कातली की लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरतात. घासून गरम होते, वितळते, लाकडाच्या रंध्रांत जाते. मग केवड्याच्या पानानं चकाकी. त्या लाखेतून हवा काय, पाणीही चटकन जात नाही. वाडग्याच्या आतल्या अंगाला बिनरंगी लाख अशी घासून बघा, किंवा सोपं म्हणजे लाखदाणा स्पिरिटात विरघळवून दोन हात द्या. नंतर तुमचं नेहमीचं फिनिश वर बसतंच.

आणि जाम चकला एवढं नावं ठेवू नका. पोकळ नळीत लाकूड ठोकून बसवून पिढ्या गेल्या इथे.

शिसवी

लाखदाण्याला माझं अनुमोदन. फक्त ज्या वाडग्याला नुसतं तेल द्यायचंय त्याला लाख लावू नका, तेल आत मुरणार नाही, चट्टे येतील. तिथं मी ती चिकटी फिल्मच वापरते, आतून नव्हे, बाहेरून, भिंतीला पक्की गुंडाळून, बूड मोकळं ठेवून.

भुसकट

दोन आठवड्यांनी आलो. अहवाल.

लाखदाण्याचे दोन हात आतून दिले. तोच एसीचा पंप, तोच आंबा, २५० वरून ४१०. लाखकामसाहेब, दंडवत.

तरीही तेलाचा धूर नको होता. शोधता शोधता एका बंद पडलेल्या छापखान्याचं सामान निघालेलं दिसलं. ऑफसेट मशीनला कागद उचलायला कोरडा पंप असतो, कार्बनच्या पात्यांचा, एका बाजूनं शोषतो आणि दुसऱ्या बाजूनं फुंकतो. भंगाराच्या भावात मिळाला, शिवाय एक जास्तीचा पात्यांचा संच. घरी आणल्यावर कळलं की मोटार थ्री फेज आहे. घरी सिंगल. आता?

पाचर

भावा, लॉटरी लागली तुला! सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी (मोटारचा वेग बदलणारा ड्राइव्ह) घे, तो २३० व्होल्टवर थ्री फेज तयार करून देतो. पण मोटारची नावपट्टी वाच. आपल्याकडं लहान मोटारी ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात. तशीच लावलीस तर जोर येणार नाही. झाकण उघडून आत सहा टोकं दिसली तर पट्ट्या बदलून डेल्टा कर, काम झालं. तीनच टोकं बाहेर आली असतील तर स्टारची गाठ वाइंडिंगच्या आत आहे, ती वाइंडरकडून सोडवून घे. स्वतः खुपसू नको.

व्हीएफडीचा फायदा आणखी एक. पंपाचे फेरे कमी करून आवाज उतरवता येतो. सासूबाई खूश.

आणि फुंकायची बाजू बंद करू नकोस, मोकळी सोड, पुढं एखादा सायलेन्सर लाव.

भुसकट

सहा टोकं आहेत! डेल्टा करून घेतलं, ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून.

आता फिरत्या सांध्याबद्दल सांगा. सध्या हँडव्हीलच्या भोकात रबरी बूच दाबून त्यात नळी घातलीय. बूच घासून तापतं.

पाचर

बूच फेक. नायलॉनचा एक ठोकळा घे, त्यात ६००१ चं दोन्हीकडून रबरी सील असलेलं बेअरिंग दाबून बसव. आतून १२ मिमी, बाहेरून २८, रुंदी ८. बेअरिंगच्या भोकात १२ मिमीची आखूड पोकळ नळी, तिचं दुसरं टोक हँडव्हीलकडून स्पिंडलच्या, म्हणजे लेथच्या फिरत्या पोकळ दांड्याच्या, भोकात ओ-रिंगसह घट्ट. ठोकळ्याच्या मागच्या बाजूला नळीचा निपल. स्पिंडल आणि आखूड नळी फिरते, ठोकळा स्थिर. ठोकळ्याला दोरीनं लेथला बांध, नाहीतर गरागरा फिरून पाइप पिळेल.

बेअरिंगचं रबर धूळ अडवायला असतं, हवा अडवायला नव्हे. थोडं गळतंच. त्याला त्रास वाटला तर बेअरिंगच्या बाहेर १२×२८ चं ऑइल सील घाल, स्प्रिंगची बाजू बाहेर, कारण इथं जास्त दाब बाहेरून आहे. लोक सवयीनं उलटं बसवतात आणि मग गळतंय म्हणून फोन करतात.

ड्रमची पाठ कशाची केलीस?

भुसकट

एमडीएफ.

पाचर

वाटलंच. एमडीएफ म्हणजे दाबलेली रद्दी, आरपार श्वास घेतं. एकतर दोन्हीकडून इपॉक्सी पाज, नाहीतर हायलमचा (कडक लॅमिनेटचा) किंवा जाड ॲक्रिलिकचा तुकडा घे. स्पिंडलच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप दोन वेढे. तिथूनही शिट्टी वाजते.

ओहायोतला_आंबा

पंपाच्या आधी फिल्टर लावलात ना? कार्बनच्या पात्यांना भुसा म्हणजे विष. मोटारसायकलचा पेट्रोलचा छोटा पारदर्शक फिल्टर चालून जातो, मात्र त्यातून उपसा थोडा अडतो. मोठ्या पंपाला कारचा बरा.

आणि हवा सोडायची झडप, टी लावून, हाताशी. हा भाग स्वस्त म्हणून लोक टाळतात. ३ मिमी भिंतीचा वाडगा २०० च्या ड्रमवर पूर्ण व्हॅक्यूमला लावलात तर त्याच्यावर तीन माणसं बसवल्यासारखं आहे. माझा एक चेरीचा वाडगा असाच आत कोसळला, फुटला म्हणणार नव्हतो पण फुटलाच. पातळ कामाला झडप उघडून २००-२५० वर आणा आणि टेलस्टॉक (लेथचा समोरून टेकू देणारा भाग) लावा.

शिसवी

टेलस्टॉक पातळ-जाड सगळ्यालाच. शेवटची बोटभर गुठळी उरेपर्यंत टेलस्टॉक हलवायचा नाही. मग तो मागे घ्यायचा, मिनिटाला फेरे ५०० च्या आत, धारदार पटाशीनं हलका हात. व्हॅक्यूम सरळ दाबून धरतो, आडव्या धक्क्याला फक्त फोमचं घर्षण असतं.

मध्य साधायची युक्ती सांगते, मला फार उशिरा कळली. टेलस्टॉकमध्ये बसणारा, स्पिंडलसारख्याच आट्यांचा अडॅप्टर मिळतो. वाडगा चकमधून काढायचाच नाही. चकसकट टेलस्टॉकवर चढवायचा, पुढे सरकवून ड्रमला टेकवायचा, व्हॅक्यूम सुरू, मग चक सोडायचा. आपोआप मध्यावर.

फोम कोणता वापरताय?

भुसकट

पॅकिंगचा. मऊ आहे, बोटानं दाबला की पूर्ण चेपतो.

शिसवी

तो उघड्या छिद्रांचा असेल, त्यातूनच हवा येते. बंद छिद्रांचा हवा. जुनी योगा मॅट कापा, तीन-चार मिमीची. जाड घेतलीत तर वाडगा डुलतो. आणि गडद रंगाची घेऊ नका, फिकट लाकडावर वर्तुळ उमटतं. मी जांभळी घेतली होती. एका गिऱ्हाइकाला ते डिझाइन वाटलं, तो भाग वेगळा.

नवा_खरादी

मधेच लाइट गेली तर?

पाचर

चांगला प्रश्न. लेथ आणि पंप दोन्ही बंद, पण लेथ काही सेकंद फिरत राहतो. पंप आणि ड्रमच्या मध्ये एक टाकी ठेव, आणि टाकी व पंपाच्या मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. १० लिटरची टाकी धर. आत ०.२ बार हवा उरलीय, ती ०.५ होईपर्यंत ३ लिटर हवा आत यावी लागते. गळती मिनिटाला १० लिटर असेल तर १८ सेकंद मिळाले. तोवर लेथ थांबतो. पण गळती ४० ची असेल तर साडेचारच सेकंद, म्हणून आधी भोकं बुजवा. टाकी म्हणून जाड पीव्हीसी पाइपला दोन्हीकडं टोपणं लावलीस तरी पुरे. गॅस सिलिंडर कापायच्या भानगडीत पडू नये.

भुसकट

महिन्यानं. सगळं जोडून झालं.

१६० चा ड्रम, पाठ हायलमची, जुन्या योगा मॅटचा फोम (बायकोची, परवानगीनं). छापखान्याचा पंप ३८ हर्ट्झवर. टाकी १२ लिटरची. ॲक्रिलिकवर ६४०, कोरडा पंप एसीच्या पंपाइतका खोल जात नाहीच. नुसत्या आंब्यावर ४३०, लाखदाण्यानंतर ५६०. शिरीषाच्या एका मोठ्या वाडग्याला गाठीपाशी चीर होती तिथे शिट्टी वाजली. चिकटपट्टी लावली, गप्प झाली.

काल ओळीनं आठ वाडग्यांची बुडं केली, एकही उडाला नाही. सातव्याला लाइट गेल्याची नक्कल म्हणून मुद्दाम पंप आणि लेथ एकदम बंद करून पाहिलं. लेथ सहा सेकंदांत थांबला, काटा तेव्हा ४६० वर होता.

आवाजाचं म्हणाल तर सासूबाईंनी फक्त एवढं विचारलं की मिक्सरवर इतका वेळ काय वाटतोस.

ओहायोतला_आंबा

झकास. फिल्टर उघडून पाहिलात का?

भुसकट

आत्ता पाहिला. आठ वाडग्यांत निम्मा करडा झालाय. उद्या कारचा आणतो.

लाखकाम

बुडाचे फोटो टाका. वरून सगळेच वाडगे बरे दिसतात.